रिटायर झालो, आता ग्रुपात जाऊ का? – वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की रिटायर झालेल्या माणसानं आठवड्यातून एकदा तरी अशा ठिकाणी जावं जिथं आपण गेलो नाही तर "आज का नाही आले?" असं कुणीतरी विचारेल. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली पाच घेतलीयत, नावं मुद्दाम काढलीत.

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी रिटायर झालो. घरच्यांनी फारच मागे लागून ज्येष्ठांच्या एका ग्रुपात पाठवलं. दोनदा गेलो. सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे, त्यांचे जोक मला कळेनात, भिंतीकडच्या खुर्चीत मोबाईल बघत दोन तास काढले आणि घरी आलो. या वयात नवीन मित्र होत नाहीत हेच खरं ना?

उत्तर: अर्धं खरं आहे काका. आपोआप होत नाहीत, एवढंच. शाळेत आणि ऑफिसात मित्र झाले कारण रोज तीच तोंडं समोर होती, आपण वेगळं काही केलं नव्हतं, आणि ते रोजचं समोर येणं रिटायरमेंटच्या दिवशी एकदम बंद होतं, हे आपल्या लक्षातच येत नाही.

आता जरा हिशोब करू. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला किती तास लागतात यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात, असं त्यात आलं. तो अभ्यास नवीन गावी राहायला आलेल्यांवर आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर होता, आपल्या वयाच्या लोकांवर नव्हता, तेव्हा आकडा अगदी तंतोतंत धरू नका, पण अंदाज येतो. तुम्ही दोनदा गेलात, म्हणजे झाले चार तास. आठवड्याला दोन तास धरले तर ५० तासांना २५ आठवडे लागतात, म्हणजे जवळपास अर्धं वर्ष. चार तासांत "जमत नाही" म्हणून उठून येणं म्हणजे बी पेरून तिसऱ्या दिवशी माती उकरून बघण्यासारखं झालं.

आणि एक करा, पुढच्या वेळी पंधरा मिनिटं आधी जा. ग्रुप सुरू व्हायच्या आधी तिथं एकच माणूस असतो, खुर्च्या मांडणारा, आणि तो कायम वैतागलेला असतो कारण मदतीला कोणी येत नाही. त्याच्याबरोबर खुर्च्या मांडा. हे मी अनुभवानं सांगतेय. मी बँकेतून रिटायर झाल्यावर पहिले दोन महिने अशीच कोपऱ्यात बसायचे, मग एकदा हजेरीची वही लिहिणाऱ्या ताई आजारी पडल्या आणि वही माझ्या हातात आली. नाव विचारावं लागतं ना प्रत्येकाला, मग आडनाव, मग "तुम्ही मागच्या वेळी नव्हतात, बरं नव्हतं का?" इतकंच. महिनाभरात सगळे ओळखीचे. हातात काम असलं की लाजायला वेळच मिळत नाही. आणि घरी परतताना कोणाबरोबर तरी चालत या, खरी ओळख तिथं होते, मीटिंगमध्ये नाही.

सहा महिने देऊनही नाहीच जमलं तर ग्रुप बदला, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: आमच्या ग्रुपात चाळीस नावं आहेत. दर आठवड्याला एखादा पाहुणा बोलवतो, तो तासभर भाषण करतो, टाळ्या होतात, संपलं. सुरुवातीला गर्दी होती, आता जेमतेम १२ जण येतात आणि त्यातले दोघे झोपतात. पाहुणेही संपत आले. ग्रुप बंद करावा का?

उत्तर: बंद नका करू, पाहुणे बंद करा!

गंमत म्हणजे हा प्रश्न पन्नास वर्षं जुना आहे. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पिएर व्हेलास नावाच्या प्राध्यापकांनी रिटायर लोकांसाठी 'थर्ड एज'चं विद्यापीठ सुरू केलं. थर्ड एज म्हणजे आयुष्याचा तिसरा टप्पा, शिक्षण झालं, नोकरी-संसाराच्या जबाबदाऱ्या झाल्या, त्यानंतरचा स्वतःसाठीचा काळ. तिथं विद्यापीठातले प्राध्यापक शिकवायचे आणि ज्येष्ठ मंडळी ऐकायची. ही कल्पना १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये गेली तेव्हा पीटर लॅस्लेट, मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर या तिघांनी ती पार उलटी केली. त्यांचं म्हणणं, ज्यांनी तीस-चाळीस वर्षं काहीतरी काम केलंय त्यांच्यातच शिकवणारे आहेत की, बाहेरून कशाला आणायचे? मग सभासदच शिकवणार, सभासदच शिकणार, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, शिकवण्याचे पैसे नाहीत. आज जो एका गटाला इतिहास सांगतोय तोच उद्या दुसऱ्या गटात पहिल्या बाकावर बसून फोटो काढायला शिकतोय.

तुम्ही सध्या नकळत पहिल्या पद्धतीनं चाललाय, पण मागे विद्यापीठ नाही, म्हणून दमलात.

आता करायचं काय, तर एक दिवस पाहुणा न बोलवता सगळ्यांना एकेक कागद द्या, मध्ये उभी रेघ, एका बाजूला 'मला काय शिकायचंय' आणि दुसऱ्या बाजूला 'मला काय येतं'. पहिली बाजू भराभर भरते. दुसरी बाजू कोरीच परत येते, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे निराश होणार नाही. आमच्याकडे एका काकांनी तर ठसठशीत अक्षरात 'काही नाही' असं लिहून दिलं होतं. मग शेजारी बसून विचारलं तर कळलं की त्यांनी ३० वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय, हजारो वस्तू, आणि मागितली की दोन मिनिटांत हातात. म्हटलं मग आम्हाला घरातले कागद लावायला शिकवा. त्यांनी सगळ्यांना घरातली कागदांची पिशवी घेऊन यायला सांगितलं, टेबलावर ओतायला लावली, आणि चारच गठ्ठे करायचे म्हणाले: रोज लागणारं, वर्षातून एकदा लागणारं, आपण गेल्यावर मुलांना लागणारं, आणि फाडून टाकायचं. एका ताईंच्या पिशवीतून तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेली ठेवीची पावती निघाली! तो वर्ग लागोपाठ पाच आठवडे चालला आणि एकही जण झोपला नाही.

गट मात्र लहान ठेवा, आठ-दहा जणांचा. चाळीसजण एकत्र बसले की ऐकणंच होतं, आठजण बसले की बोलावंच लागतं. सगळ्यांनी मिळून महिन्यातून एकदा भेटलं तरी पुरे.

आणि विषय थोडा अवघड निवडा, ज्यात पहिल्या दिवशी सगळ्यांची फजिती होईल असा. अमेरिकेत डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या २२१ लोकांवर एक प्रयोग केला होता, तो २०१४ मध्ये छापून आला. काहींना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीचं शिवणकाम शिकवलं, आठवड्याला साधारण १५ तास, आणि एका गटानं नुसत्या गप्पा, सहली, खेळ केले. नवीन आणि अवघड काही शिकणाऱ्यांची, विशेषतः फोटोग्राफीवाल्यांची, आठवणीच्या चाचण्यांमधली प्रगती जास्त दिसली. गप्पा वाया जातात असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः गप्पांसाठीच जाते, पण हाताशी काहीतरी अवघड असलं की गप्पाही रंगतात, कारण तेव्हा आपण आपल्या दुखण्यांवर बोलत नाही, कॅमेऱ्याच्या बटणावर भांडतो.

प्रश्न: माझे मिस्टर ग्रुपात आवडीनं जायचे. गेले काही महिने "काही अर्थ नाही तिथं, सगळे पुटपुटतात" म्हणून जायचे बंद झालेत. घरीही चिडचिड वाढलीय. काय करू?

उत्तर: ताई, आधी त्यांचे कान तपासून घ्या. "सगळे पुटपुटतात" हे वाक्य ऐकलं की मला दुसरं काही सुचतच नाही. वयानं ऐकू कमी येतं तेव्हा सगळा आवाज सारखा कमी होत नाही, बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ, थ असली अक्षरं. त्यामुळं कोणीतरी बोलतंय हे कळतं पण काय बोलतंय ते कळत नाही. समोरासमोर एकाशी बोलताना माणूस निभावून नेतो, दहाजणांत दोघे एकदम बोलले की संपलं. मग चुकीच्या जागी हसू येतं, उत्तर भलतंच दिलं जातं, एकदोनदा लोक हसतात, आणि माणूस "अर्थ नाही" म्हणून घरी बसतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणारी जी टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली त्यात ऐकू न येणं आणि एकटं पडणं ही दोन्ही आहेत, आणि इथं पहिल्यातूनच दुसरं होतंय बघा.

यंत्र लागलं तर घ्या, पण पहिल्या दिवशी ते कानात घालून थेट ग्रुपात पाठवू नका, भांड्याचा आवाजही डोक्यात जातो सुरुवातीला. आधी काही आठवडे घरात शांततेत सवय होऊ दे, नंतरही त्रास वाटला तर तपासणाऱ्याकडून सेटिंग बदलून घ्या. आणि ग्रुपवाल्यांना माझा निरोप सांगा: गोल बसा, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको कारण मग ओठ दिसत नाहीत, पंखा खडखडत असेल तर बंद करा, एका वेळी एकानंच बोला. नाही कळलं तर तेच वाक्य ओरडून सांगू नका, वेगळ्या शब्दांत सांगा.

प्रश्न: आई एकटी असते दिवसभर. किती वेळा सांगितलं ग्रुप जॉईन कर, ऐकतच नाही. नाव घालून टाकू का परस्पर?

उत्तर: नको. तुम्हाला कुणी परस्पर जिममध्ये घातलं तर जाल का? आईला काय छान येतं ते बघा, शिवण, हिशोब, व्याकरण, काहीही, आणि ग्रुपमधल्याच कोणाला तरी त्यांच्याकडे ते विचारायला घरी येऊ द्या. "ये" म्हटल्यावर न जाणाऱ्या बायका "जरा शिकवा ना" म्हटल्यावर बरोबर जातात. आणि त्या नाहीच म्हणाल्या तर तेही ठीक, काही माणसांना खरोखर एकटं आवडतं, एक मैत्रीण आणि एक फोन त्यांना पुरतो.

प्रश्न: आमच्या ग्रुपात एक साहेब आहेत. मोठ्या पदावरून रिटायर झाले, अजून उतरले नाहीत. कोणाचाही विषय असो, हेच बोलतात, अर्धा अर्धा तास. सगळे कंटाळलेत पण बोलणार कोण?

उत्तर: हा नमुना प्रत्येक ग्रुपात असतो, मी तर म्हणते कागदोपत्री असावाच, खजिनदारासारखा! पण खरं सांगू, त्यांचा राग येण्याआधी थोडं वाईट वाटून घ्या. तीस वर्षं ते बोलले की खोलीतले सगळे वहीत लिहून घ्यायचे, आणि एका संध्याकाळी सत्काराचा हार घालून घरी आले, दुसऱ्या दिवशी त्यांचं ऐकणारं कोणी नाही. तो माणूस ग्रुपात ती खोली शोधतोय.

पाठीमागे कुजबुज करू नका, त्यानं दोन गट पडतात. सगळ्यांसाठी नियम करा, एका वेळी तीन मिनिटं, आणि तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ मध्ये टेबलावर ठेवा. मोबाईलचा गजर नको, तो अपमान केल्यासारखा वाजतो, वाळू गुपचूप संपते आणि सगळ्यांना दिसते. आणि ते घड्याळ उलटं करायचं काम साहेबांकडेच द्या, त्यांना अधिकार हवाय ना, हा घ्या.

आम्ही असंच केलं होतं. पहिल्या दिवशी आमच्या साहेबांनी सगळ्यांना अगदी काटेकोर अडवलं, वाळूचा शेवटचा कण पडला की हात वर. मग त्यांची पाळी आली, बोलता बोलता नजर घड्याळाकडे गेली, वाक्य अर्धवट सोडून खाली बसले आणि शेजारच्याला हळूच म्हणाले, "पाच मिनिटांचं मिळतं का हो कुठं?"