विहिरीला पेट्रोलचा वास येतो, उपसा करू का?

प्रश्न : मॅडम, आमच्या परसातल्या विहिरीच्या पाण्याला मे महिन्यात पेट्रोलचा वास येऊ लागला. शंभरेक पावलांवर, चढाच्या बाजूला, जुना पेट्रोल पंप आहे. पंपवाले म्हणतात, आमची टाकी पक्की आहे. पावसाळ्यात वास जवळजवळ गेला. पाणी तपासून घेतलं, तर पिण्यायोग्य असल्याचा अहवाल आला. तरी सासूबाई त्याचा घोटही घेत नाहीत. विहीर उपसून गाळ काढला, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली तर भागेल का? की आरओ बसवू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सासूबाईंचं ऐका. पेट्रोलमधलं सगळ्यात घातक म्हणजे बेंझिन. त्यानं रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिभेला मात्र ते निदान पन्नासपट झाल्याशिवाय कळत नाही. तेव्हा वास गेला म्हणून पाणी निवळलं असं धरू नका.

उन्हाळ्यात विहिरीची पातळी उतरते, तसं वर तरंगणारं पेट्रोल मुरुमाला माखत खाली जातं. पावसाळ्यात पाणी चढलं की ते पाण्याखाली, मुरुमात आणि खडकाच्या भेगांत अडकून राहतं आणि हळूहळू विरघळत राहतं. पुढच्या मेमध्ये वास परत येण्याची शक्यता दाट आहे.

तुमचा अहवाल खोटा नाही. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू बघतात. बेंझिन कुणी शोधतच नाही. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जा आणि बीटेक्स, म्हणजे बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलीन, तपासायला सांगा. मान्यता नेमकी याच चाचणीची आहे ना, तेही विचारा. टेफ्लॉन चकतीच्या झाकणाच्या, ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या त्यांच्याकडूनच मागून घ्या. कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी धरायची. बुडबुडा दिसला तर ती बाजूला ठेवून दुसरी भरायची. बर्फाच्या डब्यातून लगेच पोचवा. नोकरीत असताना माझ्यासमोर प्लास्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या यायच्या. प्रवासातच बेंझिन बाटलीतल्या हवेत गेलेलं असायचं आणि कागदावर 'आढळले नाही' असं छापून यायचं. असा कागद पंपवाल्याच्या हाती लागला की तुमची तक्रार संपलीच.

आता उपशाचं. अजिबात करू नका. विहीर उपसली की चहूबाजूंचं पाणी तिच्याकडे धावतं आणि पंपाखालचं पेट्रोलही सोबत ओढलं जातं. त्याहून मोठा धोका गाळ काढायला उतरणाऱ्या माणसाला आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, विहिरीत साचून राहते, आणि हवेत ती दीड टक्का झाली तरी ठिणगीनं भडका उडतो. विहिरीवरच्या मोटारीचं बटणसुद्धा तूर्त दाबू नका. टीसीएल जंतूंसाठी असते, बेंझिनचं ती काही करत नाही. आरओच्या आतला कोळसा थोडे दिवस बेंझिन धरतो, पण तो भरला कधी हे कळायला मार्ग नसतो. उकळलंत तर बेंझिन पाण्यातून उठून स्वयंपाकघरात येईल. म्हणून आंघोळीलाही हे पाणी तापवू नका. आणि हो, शेजारीच नवी बोअर मारायचा मोह टाळा. आपल्या काळ्या खडकाच्या थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो, तो खालचं पाणी वाचवतो. त्याला भोक पाडलंत तर खालचा साठाही नासेल.

'टाकी पक्की आहे' हे खरंही असू शकेल. पुष्कळदा गळतात ते टाकीपासून यंत्रापर्यंतचे पाइप आणि त्यांचे सांधे. चेन्नईच्या तोंडियारपेठमध्ये २०१३ साली घरांच्या बोअरमधून तेल येऊ लागलं, तेव्हा जमिनीखालून जाणारी इंधनवाहिनी गळत होती. म्हणून टाकी आणि पाइप दोन्हींची दाबचाचणी मागा, शिवाय रोज टाकीत काठी बुडवून घेतलेल्या मापांची नोंदवही. बीटेक्सचा अहवाल जोडून लेखी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. प्रत तेल कंपनीला, तसंच पेट्रोलसाठ्याचा परवाना देणाऱ्या 'पेसो'ला. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका.

तपास करणारे आले की पंप आणि विहीर यांच्यामध्ये किती निरीक्षण-बोअर घेणार ते विचारा. पाण्याचा उतार ठरवायला किमान तीन लागतात, आणि आपल्याकडे पाणी भेगांतून वाट काढतं, म्हणून तीनही कमी पडू शकतात. गळती थांबवणं, तरंगतं पेट्रोल काढणं, मग जमिनीतली वाफ शोषून घेणं आणि पाण्यात हवा सोडणं, असा साधारण क्रम असतो. उरलेलं बरंचसं मातीतले जिवाणू खातात, पण त्यांना प्राणवायू लागतो. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते आधी संपवण्यात जिवाणू सगळा प्राणवायू खर्च करतात आणि बेंझिन आणखी लांबवर पोचतं. या कामाला वर्षं लागतात. पहिल्या पावसानंतर 'साफ झालं' असा शेरा घेऊन कुणी आलं तर सही करू नका. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळचे नमुने सलग काही वर्षं मागा. तोवर प्यायला, स्वयंपाकाला आणि गोठ्यालाही पाणी दुसरीकडून आणा.