तो तडीपार झाला, तरी झोप येईना

शेजाऱ्याच्या त्रासाला कंटाळून जे लोक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा कायद्याचाच असतो. "कोर्ट ह्याला गल्लीतनं भाईर काढू शकत न्हाई का, मॅडम?" या काकूंचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. त्यांच्या शेजारचा माणूस तडीपार होऊन सहा महिने होत आले होते. "त्यो गेलाय. तरी मी रातचं उठतोय, कडी बघतोय, परत पडतोय. डोकं फिरलंय का माझं?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायला काकूंची परवानगी आहे.)

कोल्हापुरातल्या एका पेठेतलं जुनं घर. मधे हातभर रुंदीचा बोळ, पलीकडे त्याचं घर. मारामारीचे गुन्हे, टपरीवाल्यांकडून पैसे उकळणं, रात्री दारू पिऊन कुणाच्याही दारावर लाथा. गाडी लावण्यावरून एकदा काकांची कॉलर धरली होती. तालमीतली पोरंसुद्धा त्याच्या वाटेला जायची नाहीत. बोळात वळताना त्याच्या गाडीचा सायलेन्सर फटफटायचा. तो आवाज आला की काकू टीव्ही मुका करायच्या आणि कुकरखालचा गॅस बंद करायच्या. कारण एकदा शिट्टी झाली तेव्हा त्यानं खालून ओरडून विचारलं होतं, "शिट्टी कुणाला मारतीस गं म्हातारे?" गल्ली हसली होती. कॉलरपेक्षा ते हसणं काकूंना जास्त लागलं होतं.

इथं कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण त्याबद्दलचे गैरसमज मनःस्ताप वाढवतात. काकूंचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तिथं २०१४ च्या कायद्यानं न्यायालय त्रास देणाऱ्याला मनाई हुकूम देऊ शकतं, आणि हिंसा किंवा इजेचा मोठा धोका असेल तर त्याच्या स्वतःच्या घरातूनही बाहेर ठेवू शकतं. मुलगा फोनवर तेच ऐकवायचा. आपल्याकडे तडीपारीचा आदेश कोर्ट देत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली तो प्रशासन देतं. टोळी असेल तर कलम ५५ खाली पोलीस अधीक्षक, एकट्या माणसासाठी कलम ५६ खाली बहुधा प्रांताधिकारी. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. आधी नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि तीस दिवसांत त्याला शासनाकडे अपील करता येतं. नुसता मोठ्यानं गाणी लावणारा शेजारी यात बसत नाही. माणसाच्या हिंडण्याफिरण्याच्या हक्कावर हा घाला आहे, म्हणून तो अपवादानंच वापरावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. मला ते पटतं. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याला उचलून फेकायची सोय कायद्यात असती, तर निम्मी पेठ तडीपार झाली असती.

साध्या भांडणाला चॅप्टर केस असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकारी वर्षभरापर्यंत शांततेचा बाँड लिहून घेऊ शकतात. दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूमही मिळू शकतो, पण तो बहुधा वागण्यावर बंधन घालतो, माणसाला त्याच्या घरातून काढत नाही.

काकूंनी जबाब दिला होता, गुप्तपणे. कलम ५६ मध्ये तशी गरज ओळखलेली आहे: भीतीपोटी साक्षीदार उघड पुढं येत नाहीत, हे त्या आदेशाचं एक कारणच असतं. नोटिशीत आरोपांचं स्वरूप सांगतात, साक्षीदारांची नावं सांगत नाहीत. तरी गल्लीत अंदाज बांधायला कितीसा वेळ लागतो? काकूंची रात्रीची कडी त्या अंदाजाला होती.

तेव्हा पहिल्या भेटीत मी त्यांना एवढंच म्हणाले, की डोकं फिरलेलं नाही. चार वर्षं ज्या आवाजावर शरीर जागं राहिलं, ते एका कागदानं झोपत नाही. आणि धोका खरा असताना कुणाला "विचार बदला" म्हणणं मला पटत नाही. आधी खरा धोका किती उरलाय ते बघायचं. म्हणून आम्ही आदेशाची प्रत समोर घेतली. हद्द कुठली, मुदत कधी संपते, तो मधे दिसला तर काय. परवानगीशिवाय आला तर त्याच पोलीस अधिनियमाच्या कलम १४२ खाली तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काकूंनी काय करायचं? बोळात उतरायचं नाही, बोलायचं नाही, वेळ लिहून ठेवायची आणि ११२ ला फोन. हे त्यांनी स्वतःच्या हातानं एका कागदावर लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

मग झोप. कडी रात्रीतून सहा-सातदा बघितली जायची. ती एकदम थांबवा म्हटलं असतं तर त्या परत आल्याच नसत्या. ठरलं असं, की झोपताना एकदा, काकांच्या समोर, मोठ्यानं म्हणायचं: "कडी लागली." नंतर उठावंसं वाटलं तर दहा मिनिटं थांबायचं, तेवढ्यात झोप नाही आली तर स्वयंपाकघरात जाऊन बसायचं, पण दाराकडं जायचं नाही. पहिला आठवडा वाईट गेला. काका वैतागले. तिसऱ्या आठवड्यात कडी दोनदावर आली.

गच्चीचं प्रकरण अवघड निघालं. उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्या काकू गच्चीवर वाळवायच्या आणि मग डंकावर नेऊन कुटून आणायच्या. त्याची खिडकी गच्चीसमोर, म्हणून तीन वर्षं त्या तयार चटणी विकत आणत होत्या. ज्या घरात चटणी विकत येते त्या घराला पेठेत काय म्हणतात, ते इथल्या बायकांना सांगायला नको. आधी नुसतं जिन्यापर्यंत, मग गच्चीवर पाच मिनिटं, मग बहिणीला घेऊन. एप्रिलात मिरच्या वर गेल्या. "काकू, भीती वाटली का?" "वाटली की. मिरच्या फिरवत बसलो."

मधेच त्याची आई आली. म्हातारी, पोराशिवाय तिला आधार नाही. "तुझी काय तक्रार नव्हती, असं लिवून दे, म्हंजी परवानगी तरी मिळंल." काकू दोन रात्री परत जाग्या. त्या पोराचा राग आहे, आणि त्याच्या आईला औषध आणून देणारंही काकूच आहेत. यावर मी मत दिलं नाही. तसा कागद लिहिला तर त्याचा अर्थ काय होतो, हे वकिलानं सांगायचं, समुपदेशकानं नाही. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना तिथं उत्पन्नाची अट नसताना मोफत सल्ला मिळतो. काकू गेल्या. कागद लिहून दिला नाही, औषध आणणं चालू ठेवलं.

असा त्रास असणाऱ्या आणि आमच्यासारख्यांपर्यंत पोचू न शकणाऱ्या माणसांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

मुदत संपायला आता चार महिने आहेत. संपली की तो हक्कानं परत येऊ शकतो, हे मी काकूंपासून लपवलेलं नाही. गेल्या भेटीत काकाही आले होते. त्यांचं म्हणणं, घर विकून आर. के. नगरला फ्लॅट घेऊ. काकूंचं म्हणणं, चाळीस वर्षं राहिलेलं घर मी का सोडू, त्यो आला तर पुन्हा जबाब देतो. दोघांचंही मला खोटं वाटत नाही. पुढच्या बुधवारी दोघांना एकत्र बोलावलंय.