इच्छास्वातंत्र्य माणसाचं, मग दुःखाबद्दल देवाला जाब विचारायचा की नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं म्हणून जगात दुष्टपणा आहे, असं जाणती माणसं सांगतात, मग ज्याच्यावर अत्याचार होतो त्याचं काय, देवाकडे काहीच दोष जात नाही का, आणि देवावर राग धरला तर ते पाप ठरतं का?

थेट सांगतो. करणाऱ्याचं पाप करणाऱ्याचंच, ते देवावर ढकलता येत नाही. पण ज्याच्या हाती थांबवणं होतं आणि ज्याने थांबवलं नाही, त्याला 'का?' म्हणून विचारायचा हक्क सोसणाऱ्याला आहे. इच्छास्वातंत्र्याचं उत्तर पुढे करून तो हक्क कुणी काढून घेऊ नये. मी देव मानतो आणि मानूनच हे लिहितोय.

इच्छास्वातंत्र्याच्या उत्तरात दम आहे, हे आधी कबूल करायला हवं. प्रत्येक वेळी मारणाऱ्याचा हात वरच्यावर धरला जाऊ लागला, तर चांगलं वागणं आणि वाईट वागणं यांत निवडण्यासारखं काही उरणारच नाही. पण हे उत्तर फक्त मारणाऱ्याकडे बघतं. मार खाणाऱ्यालाही इच्छा होती, तिचं काय? एकाने दुसऱ्याचं स्वातंत्र्य पायदळी तुडवलं, तेव्हा जपलं गेलं ते बळवानाचं स्वातंत्र्य. शिवाय वाईट इच्छा धरायची मोकळीक असणं वेगळं आणि ती तडीस जाणं वेगळं. आपण माणसंसुद्धा रोज कुणाला तरी अडवतो, आवरतो, कोंडून ठेवतो. त्याने त्यांची इच्छाशक्ती नाहीशी होत नाही.

या प्रश्नाला सगळ्यात प्रामाणिकपणे भिडलंय ते महाभारत, असं माझं मत आहे. इच्छास्वातंत्र्याची बाजू तिथे खुद्द कृष्ण मांडतो. युद्ध संपवून द्वारकेला परतताना वाटेत त्याला उत्तंक ऋषी भेटतात. कौरव-पांडवांत समेट झाला ना, असं विचारतात. सगळे मेले हे कळल्यावर भडकतात: तू समर्थ होतास, तरी वाचवलं नाहीस, तुला शाप देतो. त्यावर कृष्ण सांगतो की मी ज्या योनीत असतो त्या योनीसारखा वागतो. मनुष्यजन्मात होतो, म्हणून दीनपणे याचना केली, भीतीही घातली. त्यांनी ऐकलं नाही. देव माणसात आला की त्याच्या हाती विनवणी उरते, ही मला तरी फार मोठी गोष्ट वाटते.

पण गांधारीपुढे हे उत्तर पुरत नाही. स्त्रीपर्वातलं ते रणांगण आठवा. व्यासांनी दिलेल्या दिव्यदृष्टीने तिला सगळं दिसतंय. बायका तुटलेलं शीर उचलून धडाला जोडून बघतात आणि 'हे याचं नव्हे' म्हणून पुन्हा शोधायला लागतात. एकेक सून, एकेक मुलगा ती कृष्णाला दाखवत जाते आणि शेवटी विचारते: कौरव-पांडव एकमेकांचा नाश करत होते, तेव्हा तू उपेक्षा का केलीस? तुझ्याकडे बळ होतं, सैन्य होतं, तुझा शब्द चालत होता. तिने कृष्णावर मारल्याचा आळ घेतलेला नाही. बघत राहिल्याचा घेतला आहे. आणि ती शाप देते: आजपासून छत्तिसाव्या वर्षी तुझेही आप्त असेच आपसांत मरतील आणि तू रानात एकटा, नाव घेण्याजोगं मरण न येता संपशील.

कृष्ण किंचित हसतो आणि शाप घेतो. हे असंच होणार हे मला माहीत आहे, म्हणतो. मी निर्दोष आहे, असं तो म्हणत नाही. लगेच पुढे मात्र तिला सुनावतोही, की तुझ्याच अपराधाने कुरुकुळ गेलं. दुर्योधन मत्सरी, उर्मट होता आणि तू त्याला डोक्यावर चढवलंस. हे बोलणं त्या क्षणी फार कठोर आहे, पण मला ते गाळायचं नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात उभ्या आहेत. माणसाचा दोष माणसाच्या पदरात टाकला गेला, आणि तरी देवाने स्वतःवरचा शाप परतवला नाही. छत्तिसावं वर्ष लागल्यावर मौसलपर्वात कृष्णाला गांधारीचे शब्द आठवतात आणि ते खरे व्हावेत असंच तो वागतो. प्रभासला यादव एकमेकांना मारतात आणि त्याच्या स्वतःच्या तळपायात जरा नावाच्या व्याधाचा बाण घुसतो. सोसणाऱ्याच्या रांगेत येऊन बसणारा देव मला मानता येतो. लांबून हिशेब ठेवणारा येत नाही.

आता आपल्याकडचं सर्वांत प्रचलित उत्तर, पूर्वकर्म. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत हा आक्षेप नाव घेऊन आला आहे: कुणाला सुख, कुणाला दुःख देणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो की काय? सूत्र म्हणतं, ठरत नाही, कारण तो कर्माच्या अपेक्षेने देतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळीकडे सारखाच, पीक बियाण्याप्रमाणे येतं. तर्क म्हणून हे घट्ट आहे. पण यात देवाची सुटका होते आणि सगळा भार जाऊन पडतो सोसणाऱ्याच्या डोक्यावर.

तो भार पडतो कसा, हे मी पाहिलंय. आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं बसली, सुमारे दहा हजार माणसं गेली. काही दिवसांनी वडिलांबरोबर किल्लारीकडे गेलो होतो. पत्र्याच्या शेडबाहेर एक बाई बसली होती, मांडीवर लेकराचं दप्तर. दोन्ही लेकरं माळवदाच्या छताखाली गेलेली. भेटायला आलेल्या एका म्हाताऱ्या नातेवाइकाने तिला समजुतीच्या सुरात सांगितलं, "मागल्या जन्मीचं काहीतरी असंल बाई, भोगून सुटायचं." त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. पण ती बाई दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली आणि नंतर तिने मान वर केलीच नाही. लेकरं तर गेलीच होती, आता त्यांच्या जाण्याचा गुन्हाही तिच्या नाहीतर त्या चिमुरड्यांच्या माथी आला होता.

भूकंप कुणाच्या इच्छेने होत नाही, म्हणून इच्छास्वातंत्र्याचं उत्तर तिथे लागूच पडत नाही. जमीन हलण्याबद्दल विचारायचं तर ते देवालाच विचारावं लागतं. पण माणसाचा वाटा तिथेही होता. हादऱ्याचा जोर रिश्टर मापावर सहाच्या थोडा वर, एवढ्याने गावंच्या गावं आडवी व्हायलाच हवीत असं नाही. जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी आणि त्यांवरच्या मणामणाच्या धाब्याच्या छतांनी. १९९२ मध्ये त्या भागात लहान धक्के बसून गेले होते. पूर्वजन्माचं नाव घेतलं की भिंत कशी बांधली होती, इशारा कुणी मनावर घेतला नाही, हे प्रश्न तिथेच मिटतात.

याही कारणासाठी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माचा सिद्धान्त नाकारला. गरिबांच्या आणि दलितांच्या दैन्याची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकून टाकता यावी, एवढाच त्याचा उपयोग आहे, असा त्यांचा रोख आहे. मी बौद्ध नाही, ईश्वर मानतो, तरी हे म्हणणं मला पूर्ण पटतं. देवाला दोषातून सोडवायला जाणारी उत्तरं बहुतेकदा माणसांनाच सोडवतात, तीही नको त्या माणसांना.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, रागाचा. 'अरे विठ्या, अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' असं म्हणणाऱ्या जनाबाईला वारकऱ्यांनी संत मानलं, तिला वाळीत टाकलं नाही. तिचा अभंग पुढे याहून जहाल होतो. ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच असं भांडता येतं.

आणि द्रौपदी तर याच्याही पुढे गेली. वनपर्वात ती युधिष्ठिराला म्हणते, लाकडी बाहुल्या नाचवाव्यात तसा तो विधाता आपल्याला नाचवतो, पोर खेळण्यांशी खेळतं तसा खेळतो. मग असा मुद्दा टाकते की त्यातून देवाला वाटच राहत नाही: केलेलं कर्म कर्त्याला चिकटत असेल, तर या पापाने ईश्वरही माखलेला आहे, आणि चिकटत नसेल, तर इथे बळ हेच कारण, मग मला दुबळ्या माणसांची कीव येते. युधिष्ठिर तिला म्हणतो, हे नास्तिकासारखं बोलतेस. ती उत्तर देते की मी धर्माची निंदा करत नाही, ईश्वराचा तर अवमान मुळीच नाही. मी दुःखाने पोळले आहे म्हणून हे बोलते, एवढं समजून घे. बोललेलं मात्र ती मागे घेत नाही. आणि मग देवाचा विषय बाजूला ठेवून नवऱ्याला बजावते की नशिबावर हवाला ठेवून बसू नकोस, ऊठ आणि काम कर.