संघ बदलत राहणाऱ्या बेसबॉलपटूची मिळकत

प्रश्न : जवळजवळ दर वर्षी संघ बदलणारा खेळाडू कमी दर्जाचा समजावा काय?

उत्तर : तसे समजू नये. एडविन जॅक्सन हा पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा खेळाडू) 2003 मध्ये आपल्या विसाव्या वाढदिवशी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि रँडी जॉन्सनसारख्या दिग्गजासमोर पहिलाच सामना जिंकला. 2019 पर्यंत तो 14 संघांकडून खेळला, आणि हा विक्रमच आहे. 25 जून 2010 रोजी ॲरिझोनाकडून खेळताना त्याने टँपा बे संघाला संपूर्ण सामन्यात एकही हिट (फटका मारून बेस गाठणे) मिळू दिला नाही; मात्र त्यासाठी त्याला 149 चेंडू टाकावे लागले आणि दिशा चुकल्याने आठ वेळा फलंदाजाला पहिला बेस फुकट द्यावा लागला. इतके करूनही पाच आठवड्यांनी त्याची रवानगी शिकागो व्हाइट सॉक्सकडे झाली. माझ्या मते, ज्याला घ्यायला कोणीतरी सतत तयार असते, त्याला टाकाऊ म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : संघाने मध्येच काढून टाकले, तर कराराचे पैसे बुडतात का?

उत्तर : मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, नेहमीच्या हमी करारात बुडत नाहीत. शिकागो कब्जने जॅक्सनशी चार वर्षांचा 5 कोटी 20 लाख डॉलरांचा करार केला होता. 2015 मध्ये त्याला मुक्त केल्यावरही उरलेल्या रकमेचा मुख्य भार कब्जवरच राहिला, आणि अटलांटाला तो किमान वेतनात मिळाला.

प्रश्न : पण सगळेच जॅक्सन नसतात. सामान्य खेळाडूच्या हाती किती पडते?

उत्तर : खरा हिशेब दिवसांचा असतो. 2023 मध्ये मेजर लीगचे किमान वेतन वर्षाला 7,20,000 डॉलर होते, म्हणजे 186 दिवसांच्या हंगामात रोजचे सुमारे 3,900. त्याच वर्षी एक पायरी खालच्या ट्रिपल-ए स्तरावर, क्लबच्या चाळीस जणांच्या यादीबाहेरच्या खेळाडूचे किमान वेतन अख्ख्या वर्षाला 35,800 होते. दुसऱ्या कोणाचे मनगट दुखावले म्हणून दहा दिवसांसाठी वर बोलावणे आले, तरी खालच्या वर्षभराच्या किमान वेतनाहून अधिक रक्कम पदरात पडते. त्यामुळे असा खेळाडू धावफलकाइतकाच कॅलेंडरकडेही पाहतो. मेजर लीगमध्ये 43 दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. 172 दिवसांचे एक सेवावर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षे झाल्यावर करार संपताच तो हव्या त्या संघाशी बोलणी करू शकतो.