पहिल्यांदाच गणित मंडळात येणाऱ्या पोरीला

पोरी, रविवारी व्याख्यानाला येशील तेव्हा वही आण, पाठकोरे कागदही चालतील. नुसतं ऐकून गणित डोक्यात बसत नाही. वक्ता पायरी मांडतो तेव्हा छोटं उदाहरण स्वतः करून बघायचं.

मागे मूळ संख्या अनंत असल्याची युक्लिडची सिद्धता फळ्यावर होती. एक मुलगा म्हणाला, सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून 1 मिळवला की नवी मूळ संख्याच मिळते. मला त्याचं बोलणं फार आवडलं, कारण चूक तिथेच पकडता येते. 2, 3, 5, 7, 11, 13 यांचा गुणाकार अधिक 1 म्हणजे 30031, आणि ते 59 गुणिले 509 आहे! सिद्धता तरीही टिकते, कारण तिला यादीबाहेरची एखादी मूळ संख्या मिळाली की पुरतं, आणि 59 आणि 509 आपल्या यादीत नव्हत्याच. हे हातानं भागून बघ, विसरणार नाहीस.

शंका लगेच विचार. नागपूरच्या उन्हात दुपारी एवढ्या लांब आलीस, ती मान डोलवायला नाही.

22 डिसेंबरला, रामानुजनच्या जयंतीला, नवोदितांना बोलायला देतो. दहा मिनिटांत एकच गोष्ट घे. गणितज्ञ कापरेकरांचा 6174 घेतलास तर आधी रीत सांग: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करायचे, असं करत गेलं की शेवटी 6174 येतो. मग 3524 पासून सुरू कर: 5432 वजा 2345, म्हणजे 3087; मग 8352; मग 6174. वजाबाक्या श्रोत्यांकडूनच करून घे. मी पहिल्या वेळी तीन प्रमेयं कोंबली होती, एकही नीट पोचलं नाही. याचं अजून वाईट वाटतं.