सोनेरी ड्रिलवरचा मुलामा खरा असतो का, आणि पंचांना कोटिंग करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोटं वर्कशॉप आहे, दुकानदार साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल आणि सोनेरी ड्रिल शेजारी ठेवून सोनेरीचे जास्त पैसे मागतो. तो नुसता रंग आहे का, पीव्हीडी आणि सीव्हीडी म्हणजे नक्की काय, आणि तुमच्या डी-टू या टूल स्टीलच्या पंचांना (प्रेसवर ठोकून कापणाऱ्या टूलना) ते करून घेण्यात अर्थ आहे का?

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कोटिंग शॉपमध्ये चौदा वर्षं काढली आहेत. सुरुवात जॉब, म्हणजे कोटिंगला आलेले भाग, धुण्यापासून केली, आता बॅच लावतो. त्यामुळे सांगतो ते शॉपवरचं आहे.

सोनेरी रंग खरा असेल तर तो टायटॅनियम नायट्राइडचा. आम्ही नुसतं ‘टिन’ म्हणतो. तेलाच्या डब्याच्या टिनशी त्याचा काही संबंध नाही, आणि सोन्याचा तर त्यात कणही नाही. थर २ ते ४ मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याचा केस ६०-७० मायक्रॉन धरला तर त्याच्या विसाव्या हिश्शाइतका. कठीणपणा विकर्स या मापात मोजला तर चांगलं एचएसएस ८५०च्या आसपास, टूलचं कार्बाइड (टंगस्टन कार्बाइड) १५००-१६०० आणि टिन २३००च्या घरात. पण नुसता कठीणपणा हे त्याचं अर्धंच काम. स्टीलची गरम चिप टिनला सहजासहजी चिकटत नाही. धारेवर चिप चिकटून जो गोळा बसतो आणि निघताना धारेचा कपचा घेऊन जातो, तो कमी होतो. भोक स्वच्छ येतं ते त्यामुळे.

बाजारात दुसरंही एक सोनेरी ड्रिल मिळतं. स्टील ठराविक तापमानाला तापवलं की वर ऑक्साइडचा पिवळसर पापुद्रा येतो, तोच रंग. त्यात फसवणूक असतेच असं नाही, काही कंपन्या ते सरळ ऑक्साइड फिनिश म्हणून विकतात. पण त्याला टिनचे पैसे देऊ नका. बारीक पॉलिश पेपरवर दोन-चार हात मारा. ऑक्साइड लगेच जाऊन खालचं पांढरं स्टील दिसतं. खरं टिन इतक्या सहज हटत नाही.

आता हा थर चढतो कसा. तुम्ही कल्हई लावताना पाहिली असेल. कल्हईवाला आधी भांडं खसाखसा घासतो, भट्टीवर तापवतो, नवसागर टाकून पृष्ठभाग खातो आणि मग कुठे कथील फिरवतो. कथील फिरवायला जेमतेम मिनिट लागतं, बाकी सगळा वेळ तयारीचा. आमचंही तसंच आहे, फक्त भट्टीच्या जागी व्हॅक्यूम चेंबर.

जॉब आला की आधी अल्ट्रासॉनिक टाकीत अल्कलीने धुतो, मग एकामागून एक स्वच्छ पाण्याच्या टाक्या, शेवटची डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याची, मग गरम हवेने सुकवणं. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. नवीन पोरं एकदा तरी लावतातच. मीही लावला होता. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात १२ मिलिमीटरच्या एका एंडमिलच्या (मिलिंगच्या टूलच्या) शँकला, म्हणजे दांड्याला, हातमोजा न घालता धरलं. कोटिंग झाल्यावर त्या जागी माझ्या अंगठ्याचे वळ स्पष्ट उठले होते, आणि नखाने खरवडल्यावर तेवढाच भाग पापुद्र्यासारखा निघाला. आमच्या सुपरवायझर काकांनी तो एंडमिल वॉश रूमच्या खिडकीत ठेवून दिला. अजून तिथेच आहे.

मग जॉब फिरत्या फिक्स्चरवर लावायचे, चेंबर बंद करून हवा काढायची, आणि ४००-४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. पुढे नवसागराची पायरी: जॉबला मोठा उणे व्होल्टेज देतो, त्यामुळे आर्गॉनचे किंवा टायटॅनियमचे आयन येऊन जॉबवर आदळतात आणि उरलासुरला ऑक्साइड उडवून लावतात. त्यानंतर खरं कोटिंग. चेंबरच्या भिंतीवर टायटॅनियमच्या जाड चकत्या असतात, त्यांना टार्गेट म्हणतात. त्यावर वेल्डिंगसारखा आर्क पेटतो. व्होल्टेज जेमतेम २०, पण करंट ८०-१०० अँपिअर. खिडकीतून पाहिलं तर एक लखलखता ठिपका चकतीवर सैरावैरा पळताना दिसतो. तो जिथे टेकतो तिथल्या टायटॅनियमची क्षणात वाफ होते, चेंबरमध्ये सोडलेल्या नायट्रोजनशी तिची गाठ पडते आणि जॉबवर टायटॅनियम नायट्राइड बसत जातं. नायट्रोजन कमी पडला तर रंग फिका येतो, जास्त झाला तर तांबूस झाक मारते. जुनी माणसं रंग बघूनच सांगतात की गॅस बरोबर होता की नाही. हे पीव्हीडी (फिजिकल व्हेपर डिपॉझिशन), म्हणजे घन धातूची वाफ करून ती जॉबवर बसवायची.

आर्कची ही पद्धत टूल कोटिंगसाठी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत काळात, युक्रेनमधल्या खारकिवच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत उभी राहिली, १९७०च्या दशकात. त्या यंत्रांचं नाव ‘बुलात’. रशियन ‘बुलात’ आणि आपलं ‘पोलाद’ एकाच फारसी शब्दाची लेकरं आहेत, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून आमच्या यंत्राबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते.

आर्कची खोड अशी की वाफेबरोबर वितळलेल्या धातूचे बारीक थेंबही उडतात आणि थरात अडकतात. पृष्ठभाग किंचित खरखरीत लागतो, म्हणून नंतर पॉलिश करावं लागतं. स्पटरिंगमध्ये हे होत नाही. तिथे आर्गॉनचे आयन टार्गेटवरून अणू ठोकून काढतात, थर गुळगुळीत येतो, पण चढायला साधारणपणे वेळ जास्त.

पीव्हीडीची दुसरी मर्यादा तुमच्या कामाची आहे. वाफ सरळ रेषेत जाते. जॉबचा जो भाग टार्गेटला ‘दिसत’ नाही, तिथे थर बसत नाही. खोल भोकाच्या आत साधारण व्यासाइतक्या खोलीपर्यंत काहीतरी मिळतं, पुढे नाही. डायच्या (पंच ज्यात शिरतो त्या साच्याच्या) आतल्या बाजूला कोटिंग हवं असेल तर आधी विचारून घ्या.

सीव्हीडीचं (केमिकल व्हेपर डिपॉझिशन) तंत्र वेगळं. तिथे धातूची वाफ करत नाहीत, धातू असलेला वायूच आत सोडतात. टिनसाठी टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ, नायट्रोजन आणि हायड्रोजन, साधारण ९००-१००० अंशाला. गरम जॉबवरच रासायनिक क्रिया होते, थर तयार होतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू बाहेर पडतो. तो कॉस्टिकमधून धुवावा लागतो. वायू सगळीकडे पोचत असल्याने भोकं, खाचा, खालची बाजू सगळं कोट होतं, थरही १०-२० मायक्रॉनपर्यंत जाड करता येतो. स्वीडनच्या सँडविकने १९६९ मध्ये टायटॅनियम कार्बाइडचा मुलामा दिलेले कार्बाइड इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचे बदलते तुकडे) बाजारात आणले ते याच मार्गाने. पुढे त्यावर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर आला. लेथवर कास्ट आयर्न ओढताना जो काळा इन्सर्ट तुम्ही लावता, त्याच्या अंगावर बहुधा हेच असतं.

मग सगळंच सीव्हीडीने का करत नाहीत? तापमान. एचएसएसचं टेम्परिंग, म्हणजे कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं, साधारण ५५० अंशाला झालेलं असतं. ते १००० अंशाला नेलं तर हीट ट्रीटमेंट गेली, माप गेलं, सगळं पुन्हा करा. कार्बाइडला ते तापमान चालतं, पण थंड होताना थर आणि कार्बाइड वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि थराला बारीक भेगा पडतात; तीक्ष्ण धारेला त्या परवडत नाहीत. म्हणून टर्निंगच्या इन्सर्टवर सीव्हीडी, आणि ड्रिल, टॅप, एंडमिल अशा तीक्ष्ण धारेच्या टूलवर पीव्हीडी, अशी साधारण वाटणी झाली आहे.

टिनशिवाय बाकीची नावं कानावर पडतील, पण तुम्हाला तीनच लक्षात ठेवायला हरकत नाही. टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड जांभळट काळं असतं. टिन ६०० अंशाच्या आत जळायला लागतं, हे ८०० पर्यंत टिकतं, कारण तापल्यावर ते स्वतःवरच ॲल्युमिनाचा पापुद्रा धरतं. पण ते कार्बाइड एंडमिलवर घेऊन हळू, भरपूर कूलंटमध्ये चालवलं तर पैसे पाण्यात. त्याला वेग द्या. क्रोमियम नायट्राइड रुपेरी; ॲल्युमिनियम डायकास्टिंग आणि प्लास्टिक मोल्डवाल्यांचं. आणि डीएलसी, म्हणजे हिऱ्याच्या जातीचा कार्बन, काळाभोर आणि घसरडा, पण ३०० अंशाच्या पुढे त्याचा भरवसा नाही. तुम्ही ॲल्युमिनियम कापत असाल तर जांभळटाच्या वाटेला जाऊ नका, ॲल्युमिनियम त्याला चिकटतं. त्यापेक्षा पॉलिश केलेलं विनाकोटिंग कार्बाइड बरं.

आता तुमचे डी-टूचे पंच. इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त भांडणं आमच्याकडे यावरूनच होतात.

डी-टूचं टेम्परिंग दोन प्रकारे करतात. एक कमी तापमानाला, २०० अंशाच्या आसपास, हार्डनेस रॉकवेल मापात ६० ते ६२ मिळतो आणि बहुतेक हीट ट्रीटमेंटवाले न विचारता तेच करून देतात. दुसरं ५०० अंशाच्या वर, दोन-तीन वेळा. आमचं चेंबर ४५० अंशाला जातं. २०० अंशाला टेम्पर केलेला पंच त्यात घातला की तो आत पुन्हा टेम्पर होतो. एका गिऱ्हाइकाचे अठरा पंच असेच आले होते. मालासोबतच्या चलनाच्या कागदावर फक्त ‘डी-टू, ६०’ एवढंच. कोटिंग सुरेख झालं, रंग झकास. प्रेसवर लावले आणि तिसऱ्या दिवशी माणूस दारात. धारेजवळचा सोनेरी थर अंड्याच्या टरफलासारखा तडकून आत दबला होता. कापून पाहिलं तर खालचं स्टील ५६ वर आलं होतं, आणि मापही काही मायक्रॉन सरकलेलं. थरात काही खोट नव्हती, खालची जमीनच मऊ झाली होती. बिल त्यांनी दिलं नाही, आम्हीही फार ताणलं नाही. त्या दिवसापासून टेम्परिंगचं तापमान लिहिल्याशिवाय डी-टू आत घ्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम झाला.

ब्रेझिंग केलेलं टूल असेल तर तेही आधी सांगा. चांदीच्या ब्रेझिंगमध्ये कॅडमियम किंवा जस्त असेल तर व्हॅक्यूममध्ये तापल्यावर ते उकळून बाहेर येतं. तुमचा जॉब तर जातोच, शेजारी लावलेले दुसऱ्यांचे जॉबही जातात आणि चेंबर घासण्यात आमचे दोन दिवस.

पंच पाठवण्याआधी: ग्राइंडिंगचे जळके डाग नकोत, वायरकट किंवा स्पार्कने (विजेच्या ठिणगीने) कापलेल्या जागेवरचा पांढरा थर पॉलिश करून काढलेला हवा, धारेवरची बर (ग्राइंडिंगने उरलेली धातूची बारीक कड) काढलेली हवी. थर बरच्या अंगावर बसला तर पहिल्याच ठोक्याला बरबरोबर निघून जातो. मापात दोन्ही बाजूंनी तीन-तीन मायक्रॉन धरा. परत आल्यावर रॉकवेल ठशाची चाचणी मागा. १५० किलोचा हिऱ्याचा ठसा मारून भोवतीचा थर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. केसासारख्या भेगा चालतात, थर सुटून पडलेला चालत नाही. तुमच्या पंचावर ठसा नको असेल तर त्याच बॅचमध्ये लावलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर मारलेला दाखवा म्हणावं.

ड्रिलचं म्हणाल तर, रोज हातड्रिलने पत्र्याला चार भोकं पाडायची असतील तर साधंच घ्या. मशीनवर एकाच मापाची शेकडो भोकं सलग असतील तर टिन घ्या, आणि धार पुन्हा लावली म्हणून फेकू नका. धार लावताना टोकाचा थर जातो, पण खाचेतला राहतो, आणि चिप घासत वर जाते ती तिथूनच.