शेतमालाचे भाव दर महिन्याला बदलतात, खर्च तर पेरणीलाच होऊन जातो. मग शेतकरी भाव वाढेपर्यंत माल का थांबवत नाहीत? आणि उत्पादन खर्च नेमका कसा धरतात?

माल थांबवायचा सल्ला आमच्या घरी दर दिवाळीला येतो, तोही नागपूरहून. माझे दीर तिथे नोकरीला आहेत. जमीन यवतमाळ जिल्ह्यात, कोरडवाहू, दोघा भावांच्या समाईक नावावर, करतो आम्ही. म्हणून तुमचा प्रश्न वाचला आणि वही काढली.

खर्च पेरणीलाच होऊन जातो हे कोणी सांगितले? जूनमधला खर्च तेवढा दिसतो, कारण त्यावर किंमत छापलेली असते. बीटी कापसाच्या बियाण्याचे पाकीट 2024 ला 864, 2025 ला 901. डीएपी खताची बॅग 1350. पुढच्या खर्चावर कोणी काही छापत नाही. जुलैत निंदण, डवरणी. मग फवारे, ते किती ते आभाळ आणि अळी ठरवणार. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, एकराच्या गुत्त्याने, ठरवून दिलेल्या ठेक्याने जाते, आणि पाऊस येणार असे मोबाईलवर दिसले की त्याच संध्याकाळी गुत्ता महागतो. कापसाची येचणी किलोवर. पहिल्या येच्याला बाया कमी घेतात. फेब्रुवारीत बोंडे बारीक पडली की जास्त मागतात, आणि बरोबरच मागतात, दिवसभर येचून ओटीत कापूस भरतच नाही. म्हणजे बाजार उतरत असतो तेव्हाही क्विंटलमागचा खर्च चढत असतो.

शिवाय खर्च एकराला होतो आणि भाव क्विंटलला मिळतो. एकराला वीस हजार लागले आणि आठ क्विंटल सोयाबीन झाले तर क्विंटल अडीच हजारांना पडले. यलो मोझॅक रोग आला, चारच क्विंटल झाले, तर तेच पाच हजारांना. कोणत्या भावाला थांबायचे ते मळणी झाल्याशिवाय आम्हालाच माहीत नसते.

आता थांबवण्याचे. 2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला, शेवटी तर बारा. पण तोवर कास्तकाराच्या घरात कापूस राहिला होता कुठे? ज्यांनी दिवाळीत देऊन टाकला त्यांनी बारा हजार पेपरात वाचले. भाऊजींनी ते फार मनावर घेतले. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 2022 ला, खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात फिरून माल घेणारा व्यापारी, अंगणात येऊन नऊच्या आसपास बोलत होता. मी म्हटले अर्धा देऊ, कृषी केंद्राची उधारी मिटते, हरभऱ्याच्या बियाण्याचे पैसे होतात. फोनवरून उत्तर आले, "वहिनी, घाई नका करू. मागच्या वर्षी बारा गेला होता. जानेवारीत बघू." आमचे हे आम्हा दोघांच्या मध्ये पडत नाहीत. कापूस राहिला.

घर म्हणजे दोन खोल्या आणि ओसरी. समोरची खोली छतापर्यंत भरलेली. पाहुणा आला की ओसरीत. लाईटचा बोर्ड त्याच भिंतीला, म्हणून रात्री मेन स्विच पाडून झोपायचो. उंदीर होतेच. उन्हाळा लागला तशी सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. त्या वर्षी घराघरात कापूस पडून होता आणि गावोगाव हीच तक्रार, बातम्याही आल्या होत्या. सासूबाईंच्या हातांवर चट्टे उठले. मुलगी वर्गात खाजवत बसायची, बाईंनी वहीत लिहून पाठवले. मलमाचे पैसे मी कापसाच्या खात्यावर लिहिले. ते पाहून भाऊजी हसले होते.

भाव जानेवारीत आठच्या आसपास, मग आठच्या खाली, मेमध्ये सात-सव्वासात. हमीभाव तेव्हा लांब धाग्याला 6380, म्हणजे बाजार त्याच्या वरच. सीसीआयने, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाने, येऊन वाचवायचा प्रश्नच नव्हता. वर तूट. दिवाळीचा कापूस 12 टक्के ओलाव्याचा असतो, उन्हाळ्यात तो सहाच्या आसपास येतो. क्विंटलमागे सहा किलो तिथेच गेले. उधारीवरचे व्याज वेगळे. शेवटी मेअखेर दिला तो बियाणे घ्यायचे होते म्हणून. भाव बघायला उरलेच काय होते?

थांबून कधीच मिळत नाही असे नाही. ऑगस्ट 2021 ला सोयाबीन दहा हजारांवर पोचले, तेव्हा आमचे शेतात उभे होते. केंद्राने 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, मागून नवा माल आला, आणि दसऱ्यापर्यंत भाव निम्म्यावर. ज्यांनी थांबवले त्यांनी मार्च-एप्रिल 2022 ला सात हजारांच्या वर घेतले. हेच बघून लोकांनी पुढेही थांबवले, तर नोव्हेंबर 2023 ला पाच हजारांजवळ असलेले सोयाबीन पुढच्या ऑगस्टला सव्वाचारच्या आसपास. सोयाबीनमध्ये तेल शेकडा 18, बाकी बहुतेक पेंड. त्यामुळे पेंड बाहेर किती जाते आणि पामतेल किती येते यावर आमचा महिना ठरतो. कापसाचे तसेच. 19 ऑगस्ट 2025 ला आयातीवरचे 11 टक्के शुल्क काढले, ते आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आमचा कापूस घरी येतो तोच काळ. हे मागच्या वर्षांच्या आलेखात कुठे दिसणार? आलेख बघून माल थांबवणे म्हणजे सट्टा आहे, आणि दुसऱ्याच्या घरात माल ठेवून सट्टा खेळणे फार सोपे असते.

ऑक्टोबरात विकतो तो अडाणी म्हणून विकत नाही. सोंगणीवाले दारात बसलेले असतात, त्यांना आपल्या गावी जायचे असते. रब्बी पेरायची असते, दिवाळी असते, मार्चअखेर सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते. थांबतो तो, ज्याला त्या महिन्यात कोणाचे देणे नाही: व्यापारी आणि नोकरीवाले. हमीभाव आहे म्हणाल, तर सोयाबीनला ओलाव्याची अट 12 टक्के. 2024 च्या नोव्हेंबरात ती 15 केली, तोवर किती तरी माल हर्रासात, म्हणजे बाजार समितीच्या लिलावात, गेला होता.

खर्च कसा धरतात ते थोडक्यात. खिशातून गेलेला खर्च म्हणजे बियाणे, खत, औषध, मजूर, भाड्याचा ट्रॅक्टर, याला ए2 म्हणतात. त्यात घरच्यांच्या राबण्याची मजुरी मिळवली की ए2 अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि भांडवलाचे व्याज धरले की सी2. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग काढतो तिन्ही, पण हमीभाव ए2 अधिक एफएलच्या दीडपट धरतो. 2024-25 ला सोयाबीनचा हा खर्च 3261 निघाला, म्हणून हमीभाव 4892. स्वामिनाथन आयोगाचे नाव घेऊन शेतकरी संघटना सी2 वर दीडपट मागतात, भांडण ते आहे. आणि 3261 ही देशाची सरासरी. आमच्या मुरमाड वावरात ती बसत नाही.

हे सगळे मला भाऊजींमुळेच कळले. त्यांनी एका दिवाळीला कागद आणला, "आयोगसुद्धा जमिनीचे भाडे धरतो, मग माझ्या हिश्शाचा मक्ता, म्हणजे जमिनीचे भाडे, का नाही?" मी म्हटले, धरतो ना, पण त्याच्या आधीच्या ओळीत घरच्यांची मजुरी आहे, ती वाचा. तर म्हणे, "घरच्या माणसाची मजुरी कसली, वहिनी?" निंदणाच्या ज्या तासात बाईला तीनशे रोज पडतो, त्याच्या शेजारचा तास मी धरते, आणि दुपारी त्यांना चहाही मीच देते. आमच्याकडे म्हातारे म्हणतात, हिशोब केला तर शेती होत नाही. होत नाही कारण हिशोबात बाईचा रोज आला की नफा पुसला जातो. मक्ता मागायला माझी ना नाही. पण आधी माझा रोज, मग त्यांचा मक्ता, आणि माल कधी विकायचा ते ज्याच्या घरात माल आहे त्याने ठरवायचे. तुमच्याही घरी शहरातून विचारणारे कोणी असेल तर वहीत दोन रकाने जास्त पाडा, एक घरच्यांच्या मजुरीचा, एक माल पडून राहिला त्या महिन्यांच्या व्याजाचा आणि तुटीचा. गावात चालू असेल तोच रोज लिहा, कमी नको.

आता हेही सांगायला हवे की हे कोरडवाहू कापूस-सोयाबीनचे झाले. ओलिताच्या पट्ट्यातले, संत्रावाले यांचे गणित वेगळे. तूर, हरभरा नीट वाळवून किडीचा बंदोबस्त केला तर थांबवायला बरे, आम्हीही थांबवतो. आणि थांबायचेच असेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बघा: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने, 6 टक्के व्याज. सोयाबीन, तूर, हरभरा चालतो, कापूस नाही. फक्त अर्जाला सातबारा लागतो, आणि आमच्या सातबाऱ्यावर माझे नाव नाही. ज्यांच्याकडे हिशोब बाई पाहते आणि नाव भलत्याचे आहे, त्यांनी सह्या दसऱ्याआधीच घेऊन ठेवा. दिवाळीला गोदामात जागा राहत नाही.